चिमणी चालू केली की ईएलसीबी पडतो? हिरवी तार कापण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "स्वयंपाकघरात नवी चिमणी बसवली. काही दिवस छान चालली. मग बटण दाबलं की सगळ्या घराची लाइट जायला लागली. वायरमन आला, प्लगमधली हिरवी तार काढून गेला. आता पडत नाही. असंच ठेवलं तर चालेल ना?"

नाही चालणार. आज रात्रीची फोडणीसुद्धा त्या चिमणीखाली देऊ नका. आधी प्लग काढा.

चिमणीच्या आत कुठेतरी करंट पत्र्यावर उतरतोय. हिरवी तार म्हणजे अर्थिंगची. ती जागेवर होती तोवर तो तिच्यातून जमिनीत जायचा, ईएलसीबीला (करंटची गळती पकडून वीज तोडणाऱ्या उपकरणाला) ते कळायचं आणि त्याची दांडी पडायची. तार काढल्यावर करंट उतरायचा थांबलेला नाही, फक्त त्याची वाट बंद झाली आहे. आता तो पत्र्यावर बसून आहे. ओल्या हातांनी जाळी काढायला कोणी गेलं की त्या माणसाच्या अंगातून त्याला वाट मिळेल. ईएलसीबी चांगला असेल तर तेव्हाही पडेल, पण झटका बसल्यावर पडेल. चिमणीची जाळी आपण स्टुलावर चढून किंवा ओट्यावर वाकून काढतो, खाली शेगडी असते. अशा वेळी जीव नुसत्या झटक्यानेच नाही, तोल जाऊनही जाऊ शकतो. ईएलसीबी जुना, आतून अडकलेला असेल तर तेवढाही आधार उरत नाही.

म्हणून ही समस्या सोडवायची म्हणजे ट्रिप होणं, म्हणजे दांडी पडणं, बंद करायचं नाही, गळती कुठे आहे ते शोधायचं. बरंचसं शोधकाम कोणतीही पेटी न उघडता करता येतं. बोर्ड किंवा डीबी (घराच्या मुख्य स्विचांची पेटी) उघडायची वेळ आली की मात्र परवानाधारक वायरमनच बोलवा.

आधी नक्की काय पडतं ते बघा

डीबीत दोन जातींची उपकरणं असतात. एकेकट्या छोट्या दांड्यांचे ते एमसीबी, जे लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतात. जरा रुंद, 'टी' लिहिलेलं छोटं बटण असलेला तो ईएलसीबी. हल्ली त्यावर आरसीसीबी असं छापलेलं असतं आणि घरगुती असेल तर ३० मिलीअँपिअर हा आकडा दिसतो.

चिमणीची मोटर आणि दिवे धरून लोड साधारण २५० वॅटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम एक अँपिअर. एवढ्यावर एमसीबी ओव्हरलोडने पडायचं कारणच नाही. चिमणी लावताच एमसीबी पडत असेल तर फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) थेट भिडले आहेत, सरळ शॉर्ट. पुन्हा पुन्हा दांडी वर करून बघू नका, प्लग काढा आणि माणूस बोलवा.

ईएलसीबी पडत असेल तर गोष्ट वेगळी. तो लोड मोजतच नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. फरक ३० मिलीअँपिअरला पोचायच्या आत तो पडायला हवा. व्यवहारात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडतो. ३० मिलीअँपिअर म्हणजे २३० व्होल्टला सात वॅटसुद्धा नाही. त्यामुळे "चिमणी तर नीट चालते, मग दोष कसा असेल" या बोलण्याला अर्थ नसतो. एवढ्याशा गळतीने मोटरच्या आवाजात काहीही फरक पडत नाही.

आणखी एक. फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांचीही थोडी थोडी गळती असतेच. एकाच ईएलसीबीवर सगळं घर असेल तर आधीच काही मिलीअँपिअर खर्ची पडलेले असतात, आणि चिमणीची थोडीशी गळती त्यात भर घालून दांडी पाडते. म्हणून एकदा फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे प्लग काढून चिमणी चालवून बघा. तेव्हा पडत नसेल तर चिमणीला एकटीलाच दोषी धरू नका.

केव्हा पडतो, यात निम्मं उत्तर असतं

कागदावर लिहून ठेवा. वायरमनला "कधीही पडतो" असं सांगितलं तर तो अंदाजाने काहीतरी बदलणार.

प्लग खोचला, पण बोर्डावरचं बटण बंद आहे आणि तरी पडला, असं होत असेल तर नीट लक्ष द्या. घरातलं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणजे चिमणीच्या आत न्यूट्रलची तार पत्र्याला लागलेली आहे. दुसरी शक्यता, बोर्डात तारा उलट्या जोडल्या आहेत आणि बटण न्यूट्रलवर बसलंय. हे दुसरं असेल तर बटण बंद असतानाही चिमणीत फेज जिवंत असतो. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. टेस्टर उजवीकडे पेटायला हवा आणि बटण बंद केल्यावर दोन्हीकडे विझायला हवा.

फक्त दिवा लावल्यावर पडतो? मग दिव्याची वायर किंवा होल्डर. दिवा शेगडीच्या बरोबर वर असतो, तिथे वाफही जाते आणि तेलही. फक्त पंखा चालू केल्यावर पडतो? मोटर किंवा तिचं कनेक्शन.

ऑटोक्लीनचं (आतलं तेल गरम करून वितळवायचं) बटण दाबल्यावरच पडत असेल तर आतला हीटर. या हीटरच्या नळीत जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल शोषते. महिनोन्महिने ऑटोक्लीन न वापरता एकदम पावसाळ्यात वापरलं की हमखास हा त्रास होतो. नळीला चीर गेली नसेल तर सर्व्हिसवाला हीटर बाहेर काढून सुकवून, मेगरने (गळती तपासायच्या मीटरने) मोजून परत बसवू शकतो. चीर असेल तर बदलायचाच.

दहा-पंधरा मिनिटांनी पडतो तेव्हा उष्णतेने मऊ झालेलं इन्सुलेशन (तारेवरचं आवरण) किंवा मोटरचं वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) असं बघावं लागतं. धुराचा पाइप सहा इंचाचा सांगितलेला असताना पुढे चार इंचाच्या भोकात कोंबलेला असला की हवा बाहेर जायला अडते, चिमणी घरघरते आणि तेल आत साचत राहतं. हे प्रकरण वायरिंगचं वाटतं, पण मुळात पाइपचं असतं.

चिमणी बंद, आणि तरी गीझर किंवा इस्त्री चालू केली की पडतो, हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त चक्रावतो. कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना चिकटलेले असतात. लोड कमी असताना न्यूट्रलवर व्होल्टेज जवळपास शून्य असतं, त्यामुळे अर्थिंगकडे फारसा करंट वळत नाही. मोठा लोड आला की न्यूट्रलवर व्होल्टेज थोडं चढतं, काही करंट अर्थिंगच्या वाटेने निघतो आणि ईएलसीबी पडतो. दोष चिमणीच्या सॉकेटमध्ये, आणि शिव्या खातो गीझर. यात चिमणीचा एमसीबी खाली करूनही फरक पडत नाही, कारण एकपोली एमसीबीसुद्धा फक्त फेजच तोडतो.

आणि फक्त पावसात पडतो, त्याबद्दल पुढे.

दोष चिमणीत की भिंतीत

चिमणीच्या सॉकेटला इस्त्री लावा. इस्त्रीच का? तिला तीन पिनांचा प्लग असतो आणि लोड बऱ्यापैकी असतो. मिक्सर किंवा मोबाइल चार्जर लावून काही कळत नाही. इस्त्रीनेही ईएलसीबी पडला, आणि तीच इस्त्री दुसऱ्या सॉकेटवर नीट चालते, तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे.

मग उलट परीक्षा. चिमणी दुसऱ्या सॉकेटवर लावा. इथे एक चकवा आहे. दुसऱ्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर सदोष चिमणीसुद्धा तिथे बिनबोभाट चालेल आणि तुम्ही म्हणाल, चिमणी चांगली आहे. स्वस्तातल्या बऱ्याच एक्स्टेन्शन बोर्डांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. म्हणून जिथे अर्थिंग असल्याची खात्री आहे तिथूनच लाइन घ्या आणि एक्स्टेन्शन चांगल्या तीन तारांचं वापरा. तपासणी चालू असताना चिमणीच्या पत्र्याला हात लावू नका.

भिंतीतले दोष

मॉड्युलर किचन करताना चिमणीचा पॉइंट बहुधा शेवटी आठवतो. फर्निचरवाला घाई करत असतो. मग वायरमन जवळच्या बोर्डातून फेज घेतो आणि न्यूट्रल हाताशी येईल तिथून उचलतो. दोन वेगळ्या ईएलसीबींवर घर विभागलेलं असेल तर फेज एकाचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा होतो. अशा वेळी चिमणी एकदम निर्दोष असली तरी दोन्ही पडतील, कारण गेलेला करंट त्याच वाटेने परत येत नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरातही हाच घोळ: फेज इन्व्हर्टरचा, न्यूट्रल भलतीकडचा. नवी चिमणी पहिल्या दिवसापासून पडत असेल तर आधी हा संशय घ्या. कंपनीचा माणूस दोनदा चिमणी बदलून देईल आणि तरी ती पडेल.

दुसरा दोष ड्रिलचा. चिमणी टांगायला भिंतीला भोकं पाडतात आणि कन्सील (भिंतीच्या आतून नेलेल्या) वायरिंगचा पाइप साधारण बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवा गेलेला असतो. बोर्डाच्या बरोबर वर भोक पाडलं की स्क्रू तो पाइप फोडून तारेला टेकतो. खूण अशी, की चिमणीचा प्लग पूर्ण काढलेला असतानाही ईएलसीबी बसत नाही, आणि स्क्रू सैल केला की कधी बसतो, कधी नाही. हा स्क्रू चिमणीच्या पत्र्यातूनच गेलेला असतो. म्हणजे प्लग काढला तरी चिमणी जिवंत राहू शकते. इथे मेन बंद करून वायरमन बोलावणं एवढंच तुमचं काम. ती तार ओढून बदलायची असते, टेप गुंडाळून पुन्हा पाइपमध्ये सरकवायची नसते.

तिसरा, आणि मला सगळ्यात जास्त संताप आणणारा: सॉकेटच्या आत न्यूट्रलपासून अर्थिंगच्या पिनेला मारलेला छोटा जंपर (जोडतारेचा तुकडा). जुन्या इमारतींत, चाळींत दोनच तारांचं वायरिंग असतं. चिमणीवाल्याने "अर्थिंग पाहिजे" म्हटलं की हा तुकडा जोडून मोकळं होतात. मीटरवर मोजलं तर सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की चिमणीच्या पत्र्यावर, बटण चालू असेल तर, पूर्ण २३० व्होल्ट येतात. पाण्याच्या नळाला अर्थिंग बांधणं हाही तसलाच प्रकार. हल्लीचे पाइप प्लास्टिकचे, त्यामुळे ती तार जमिनीपर्यंत पोचतच नाही. पोचलीच तर शेजारच्यांच्या नळात करंट येणार. मीटरच्या जागेपासून वेगळी हिरवी तार आणणं, आणि इमारतीला अर्थिंगचा खड्डा नसेल तर तो सोसायटीकडून करून घेणं, हाच इलाज आहे.

चिमणीतले दोष, आणि पावसाचा एक

ठाण्यातल्या एका घरातली गोष्ट. वरचा मजला, स्वयंपाकघराची भिंत पश्चिमेला. जूनपासून ईएलसीबी पडायचा, पण सकाळीच. दुपारपर्यंत आपोआप ठीक. सर्व्हिसवाले दुपारी यायचे, चालवून बघायचे आणि "काही दोष नाही" म्हणून जायचे. घरातल्या काकूंनी वैतागून चिमणी वापरणंच सोडलं होतं.

चिमणीच्या वरचा उभा पत्रा उतरवला तेव्हा उलगडा झाला. अॅल्युमिनियमचा घडीचा पाइप चिमणीतून वर जाऊन भिंतीकडे वळताना आतल्या बाजूला उतरता बसवला होता. पश्चिमेचा वारा पावसाचं पाणी बाहेरच्या जाळीतून आत ढकलायचा, ते पाइपच्या घड्यांमध्ये साठायचं आणि तिथून थेंब थेंब मोटरच्या डोक्यावर. मोटरच्या बाजूला तारा जोडायची प्लास्टिकची पट्टी होती. तिच्या स्क्रूंवर हिरवट गंज चढला होता आणि खालच्या पत्र्यावर वाळलेल्या पाण्याच्या पांढऱ्या रेषा एकाखाली एक दिसत होत्या. मोटर चांगली होती. पट्टी बदलली, जोड पाण्याच्या वाटेतून बाजूला झाकणाच्या डबीत नेले, पाइपला बाहेरच्या दिशेने उतार दिला, बाहेर खाली तोंड असलेली टोपी बसवली आणि भोकाच्या कडा सीलंटने भरल्या. चिमणीच्या तोंडाशी उलटी हवा अडवणारी झडप होती, पण ती बसवताना उघडीच अडकून राहिली होती. तीही मोकळी केली.

त्यामुळे पावसाळ्यातली तक्रार असेल तर सर्व्हिसवाल्याला रात्रभर पाऊस पडून गेलेल्या सकाळीच बोलवा, आणि वरचा पत्रा उतरवूनच बघायला लावा. खालून जाळी काढून टॉर्च मारल्याने हे दिसत नाही.

बाकी दोष थोडक्यात. वरचा पत्रा बसवताना चिमणीची वायर त्याच्या धारदार कडेखाली चिमटते, आणि मोटरच्या थरथरीने हळूहळू इन्सुलेशन कापलं जातं. "काही दिवस छान चालली, मग पडायला लागली" यामागे पुष्कळदा हेच असतं. तेलाची वाटी वेळेवर रिकामी केली नाही की तेल ओसंडून दिव्यांच्या जोडांपर्यंत जातं. तेलापेक्षा त्यात मिसळलेली वाफ आणि खरकट जास्त वाईट. बाहेरची जाळी तुटलेली असेल तर उंदीर पाइपमधून येऊन तारा कुरतडतात. आणि जाळ्या धुऊन ओल्याच बसवल्या तरी पडू शकतो, त्या नीट निथळून, सुकवूनच लावा.

चिमणीच्या आतलं काम प्लग काढूनच, आणि मोटरच्या कपॅसिटरला (वीज साठवणाऱ्या भागाला) हात न लावता. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ चार्ज राहू शकतो.

झिणझिण्या येतात, पण ईएलसीबी पडत नाही

ही ट्रिप होण्यापेक्षा वाईट खूण आहे. बहुतेक वेळा अर्थिंग तुटलेलं असतं. टच पॅनेलच्या काही चिमण्यांत सर्किटबरोबर छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असताना त्यांचा नगण्य करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर मीटरवर पत्र्याला शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसू शकतात आणि टेस्टर मंद पेटतो. तो करंट फार छोटा असतो, पण त्याने एक गोष्ट सांगितलेली असते: उद्या आत खरी गळती झाली तर ती घेऊन जाणारी तार इथे नाही.

वायरमनकडून सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही जवळपास सारखी यायला हवीत, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज ते अर्थ मधलंच काहीतरी, हलणारं येत असेल तर अर्थिंग नाही. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून बघायची जुनी पद्धत घरात करू देऊ नका. अर्थिंग मागे तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या उपकरणांच्या पत्र्यांवर करंट जाईल.

पुन्हा बसवताना

सॉकेट चिमणीच्या बाजूला, पाइपच्या मागे नव्हे, हात पोचेल असा. त्याचं बटण शेगडीवर वाकावं न लागता दाबता येईल अशा जागी. पातेल्यातलं तेल पेटलं तर पहिल्यांदा गॅस आणि चिमणी दोन्ही बंद करावी लागतात, तेव्हा ज्वाळेवरून हात न्यायची वेळ येता कामा नये. डीबीपासून स्वतंत्र लाइन मिळाली तर उत्तम, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार या लोडला पुरते. कंपनीने दिलेला तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावायचा नाही. त्याची अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते, कारण ती आधी जुळायला हवी आणि शेवटी सुटायला हवी.

शेगडीपासून उंची बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ६५ ते ७५ सेंटीमीटर असते. आपल्या पुस्तिकेत बघून घ्या. त्याहून खाली टांगली की दिव्याच्या तारा भाजतात. पाइप जमेल तेवढा आखूड, कमीत कमी वळणांचा. आणि घरात गॅस गीझर असेल तर त्याच्या धुराच्या नळीत किंवा त्याच डक्टमध्ये चिमणीचा पाइप सोडू नका. चिमणी घरातली हवा जोरात ओढते, खिडक्या बंद असतील तर गीझरचा धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. चिमणी चालू असताना एक खिडकी उघडी ठेवा. गॅसचा वास आला तर मात्र चिमणीचं कोणतंही बटण दाबू नका, चालू असेल तर बंदसुद्धा करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

काम संपल्यावर वायरमनला तीन गोष्टी तुमच्यासमोर करायला सांगा. चिमणीचा प्लग हातात घेऊन मेगरने फेज-न्यूट्रल एकत्र आणि अर्थिंग यांच्यामध्ये मोजणी, किमान एक मेगाओहम तरी यायला हवं. प्लगच्या अर्थ पिनेपासून चिमणीच्या उघड्या पत्र्यावरच्या स्क्रूपर्यंत मल्टिमीटरची बीप. आणि ईएलसीबीचं 'टी' बटण, जे दाबताच दांडी पडली पाहिजे. हे बटण फक्त ईएलसीबी जिवंत आहे एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काही सांगत नाही, म्हणून पहिल्या दोन मोजण्या टाळू देऊ नका. 'टी' बटण त्यानंतर दर महिन्याला तुम्हीच दाबा. दांडी पडली नाही तर ईएलसीबी बदलेपर्यंत चिमणीचा प्लग काढून ठेवा.